अडलेले खिळे

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. घरी नवा संगणक आला होता आणि त्यावर मराठी लिहायची मला कोण हौस! पण पडद्यावर अक्षरांऐवजी नुसते चौकोन उमटत. एका ओळखीच्या ओळखीने मला एक ईमेल पत्ता दिला. मी भीत भीत माझी अडचण लिहून पाठवली. दुसऱ्याच दिवशी उत्तर हजर! कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या पानावर जा, अमुक चौकटीत खूण करा, विंडोज एक्सपीची सीडी घाला, संगणक बंद करून परत चालू करा. तसं केलं आणि चौकोनांची बाराखडी झाली. मी आभाराचं लांबलचक पत्र धाडलं. त्यावर एका ओळीचं उत्तर आलं, "मलाही असंच कुणीतरी सांगितलं होतं." खाली नाव आणि गाव. गाव होतं सुरत.

खरं सांगायचं तर सुरत म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे शिवाजी महाराजांनी जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७० मध्ये केलेली लूट. लुटण्यासारखं तिथे एवढं होतं तरी का, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. सोनंनाणं, मोती, कापड हे होतंच. पण सुरतेची खरी दौलत कुठल्याच तिजोरीत मावणारी नव्हती. ती होती हुंडी.

सुरतेच्या सराफाने कागदावर चार ओळी लिहायच्या आणि त्या कागदावर बऱ्हाणपुरात किंवा आग्र्यात रोख रुपये मिळायचे. दाखवल्याबरोबर पैसे मिळाले तर ती दर्शनी हुंडी, ठरल्या दिवसांनी मिळाले तर मुदती. रुपया सुरतेतून हलायचा नाही, हलायचा तो कागद. आणि कागदामागे काय? तर लिहिणाऱ्याचं नाव! ओळखीपाळखी, सोयरीक, आडत्यांची पिढीजात ये-जा या सगळ्यांतून 'पत' तयार होई. हल्ली नोकरी-धंद्यातल्या ओळखींना 'नेटवर्किंग' म्हणतात. सुरतेच्या पेढ्यांना हा शब्द ठाऊक नव्हता, पण त्यांचं पोट त्यावरच चाले.

गंमत म्हणजे संगणकाचं जाळं बांधणाऱ्यांना ज्या अडचणी आल्या, त्यांची उत्तरं या हुंडीच्या रिवाजात आधीच सापडतात. इंटरनेटवर मजकूर छोट्या छोट्या तुकड्यांनी जातो. एखादा तुकडा वाटेत हरवला आणि पोच आली नाही, की तो परत पाठवतात. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत निघे, तिला 'पेठ' म्हणत. तीही गहाळ झाली तर तिसरी, ती 'परपेठ'. इंटरनेटवर एक वाट बंद असेल तर तुकडा दुसऱ्या वाटेने जातो. हुंडीबरोबर 'जिकरी चिठ्ठी' असे. ज्याच्यावर हुंडी काढली त्याने नाकारलीच, तर त्याच गावातला दुसरा पेढीवाला ती चिठ्ठी बघून पैसे देई.

या जाळ्यात जोर किती होता? काजीच्या जाचाला कंटाळून सप्टेंबर १६६९ मध्ये सुरतेचे सुमारे ८,००० वाणी गाव सोडून भरूचला निघून गेले. टांकसाळ थंडावली, बाजार बंद पडला. शेवटी औरंगजेबाकडून आश्वासन आलं, तेव्हा डिसेंबरात ती मंडळी परतली. तलवार न उपसता बादशहाला नमवणाऱ्या या लोकांच्या पुढाऱ्यांत एक होता भीमजी पारेख, इंग्रज कंपनीचा दलाल.

आज सांगायची गोष्ट या भीमजीची. ती मला भेटली आपल्याच प्रियोळच्या अ. का. प्रियोळकरांच्या 'द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया' (१९५८) या ग्रंथात. जानेवारी १६७० मध्ये सुरतेच्या इंग्रजांनी लंडनला लिहिलेल्या पत्रात भीमजीची एक विनंती आहे. ब्राह्मणांचे जुने ग्रंथ छापून काढावेत अशी माझी फार इच्छा आहे, तेव्हा मुंबईला एक चांगला छापणारा पाठवा. वर्षाला ५० पौंड, अशी तीन वर्षं मी देईन. बघा, धर्मावर गदा आली म्हणून गाव सोडलेला हा माणूस परत आल्यावर महिन्याभरात पोथ्या छापायचं मनावर घेतो! या दोन गोष्टींचा संबंध कुठे लिहून ठेवलेला नाही, पण मला तो दिसल्याशिवाय राहत नाही.

कंपनीने विनंती मानली. १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक यंत्र आणि सामान घेऊन मुंबईला आला. आणि इथेच घोडं अडलं. हिल्सला छापता येत होतं, अक्षर पाडता येत नव्हतं. एक खिळा म्हणजे काय खटाटोप! आधी पोलादावर अक्षर उलटं कोरायचं, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा, मग साच्यात शिशाचा रस ओतायचा. इंग्रजीला सव्वीस अक्षरं, तीही लहान आणि मोठी. नागरीला काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं धरून साचे जातात शेकड्यांत. भीमजीने हार मानली नाही. आपली माणसं कामाला लावली. १६७६ मध्ये सुरतेच्या इंग्रजांनी कळवलं, की भीमजीच्या माणसांनी वाण्यांच्या अक्षरात छापलेले कागद आम्ही पाहिले. चांगले दिसतात, पण अनुभव नसल्यामुळे खर्च आणि वेळ फार जातो. खिळे ओतणारा कारागीर पाठवाल तर भीमजी त्याचाही खर्च सोसेल. त्यापुढे ग्रंथ काही निघाला नाही. ते कागदही कुणाला सापडलेले नाहीत.

आता गोंयकार म्हणून मला चटका लावणारी गोष्ट. भीमजीला जी विद्या हवी होती, तिचा अभ्यास आपल्याकडे कधीच सुरू झाला होता. १५५६ मध्ये जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजात छापखाना आला. जुवांव गोन्साल्विस या जेजुइटाने १५७७ च्या सुमारास तमिळ खिळे पाडले. फादर स्टीफन्सनी १६०८ मध्ये नागरी खिळ्यांसाठी रोमला पत्र लिहिलं. ते मिळाले नाहीत, म्हणून त्यांचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला रोमी लिपीत छापलं गेलं, मराठी ओवी असूनसुद्धा!

सुरत आणि गोवा यांच्यात अंतर किती? चारेकशे मैल. खंबायतच्या बाजूला पोर्तुगीज काफिले दरवर्षी जात-येत. कापड जाई, घोडे जात, पैका जाई. पण 'खिळा कसा ओतायचा' हे त्या वाटेने गेलं नाही. विद्या जेजुइटांच्या मठात आणि गरज सुरतेच्या पेढीवर! धर्म वेगळा, राज्य वेगळं, हेतू तर अगदी उलटे. कुणी कुणाला विचारायचं? म्हणून भीमजीने विचारलं ते थेट लंडनला. आणि गोव्यात काय झालं? १६८४ मध्ये इथल्या भाषेवरच बंदीचा हुकूम निघाला. पुढे छापखाना असा बंद पडला की तो पुन्हा सुरू व्हायला १८२१ साल उजाडलं.

हे काम शेवटी झालं ते शेजारी बसून शिकणाऱ्या माणसांकडून. अठराव्या शतकाच्या अखेरीला मुंबईत 'बॉम्बे कुरियर'च्या छापखान्यात जीजीभाई छापगर या पारशाने गुजराती खिळे तयार केले. त्याच्याकडे ऊठबस असलेल्या फर्दुनजी मर्झबानांनी १८१२ मध्ये स्वतःचा छापखाना काढला आणि १८२२ मध्ये 'मुंबई समाचार', जो आजही निघतो. हे फर्दुनजी जन्माने सुरतेचे! आणि मराठीत? जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले, तिथे खिळ्यांचं तंत्र शिकले आणि १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा टाइपाचा कारखाना काढला. पुढे त्यातूनच 'निर्णयसागर' उभा राहिला. भीमजीला पाहिजे होते तसे संस्कृत ग्रंथ तिथून गाडीभर निघाले, पण दोनशे वर्षं उशिरा.

तर सांगायचा मुद्दा असा. भीमजीकडे पैसा होता, यंत्र होतं, कागद होता, जगभर पोचणारं जाळं होतं. नव्हता तो फक्त 'मला येतं, हे असं कर' म्हणणारा एक माणूस. तारा आणि यंत्रं विकत मिळतात, हा माणूस मिळत नाही.

आपण संगणकाच्या काळातही तीच चूक करून बसलो होतो. प्रत्येक कंपनीचा मराठी फाँट वेगळा, प्रत्येकाची अक्षरांची जुळणी गुप्त. एका फाँटमध्ये लिहिलेला लेख दुसऱ्यात उघडला की नुसती गिचमीड. त्या फाँटांत लिहिलेलं माझंच कितीतरी लिखाण आज मला वाचता येत नाही. युनिकोड आलं, पुढे ते घरोघरच्या संगणकांत पोचलं, तेव्हा हे कुलूप उघडलं. पण किल्ली कुठे फिरवायची हे मला सांगितलं ते सुरतेच्या त्या अनोळखी मुलाने.

त्याची-माझी भेट कधीच झाली नाही. असो. गेल्या महिन्यात फोंड्याच्या एका निवृत्त मास्तरांचा फोन आला, मोबाइलवर मराठी कसं टंकायचं म्हणून. तासभर लागला. त्यांनी आभार मानले, तेव्हा काय उत्तर द्यायचं ते मला ठाऊक होतं.