प्रसार, प्रामाण्य आणि जतन

संशोधनाचा प्रसार हे संशोधनव्यवहाराचे केवळ बाह्य अंग होय, ही समजूत इतिहासाला धरून नाही. हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ मध्ये लंडन येथे 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू केले, तेव्हा विद्वानांमधील पत्रव्यवहाराला मुद्रित व सार्वजनिक रूप लाभले. शोधाची नोंद, त्याचे वितरण आणि जतन ही कार्ये नियतकालिकाच्या ठायी एकवटली. पुढे तज्ज्ञ-परीक्षणाची प्रथा रुजल्यावर प्रामाण्य देण्याचे कार्यही त्याच्याकडे आले.

संगणकीय माध्यमांनी या कार्यांची फारकत केली. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे 'आर्काइव्ह' या नावाने ओळखल्या गेलेल्या संग्रहामुळे भौतिकीतील लेख परीक्षणापूर्वीच वाचकांपर्यंत पोहोचू लागले. २००८ मध्ये 'रिसर्चगेट' अवतरले. ट्विटरवर लेखाचा दुवा, सारांश आणि त्यावरील आक्षेप एकाच ओघात वाचता येऊ लागले. वितरण असे स्वतंत्र झाले. मात्र २०१० च्या 'ऑल्टमेट्रिक्स' जाहीरनाम्याने संशोधनाच्या प्रभावाची गमके या चर्चेतही शोधावीत अशी मांडणी केली, आणि प्रसार व प्रामाण्य यांमधील सीमारेषा धूसर झाली.

मराठीच्या दृष्टीने प्रश्न येथेच उभा राहतो. अशी मोजणी मुख्यतः डीओआयसारख्या स्थायी ओळखक्रमांकावर विसंबते. असा क्रमांक नसलेल्या मराठी लेखावर कितीही सखोल चर्चा झाली, तरी ती सहसा या हिशेबात येत नाही. आणि नोंदीचा अभाव हाच प्रभावाचा अभाव मानला जाण्याचा धोका संभवतो.

जतनाचा प्रश्न याहून मूलगामी आहे. पुण्यात १८७८ मध्ये निघालेल्या 'काव्येतिहाससंग्रह' या मासिकाने जुनी काव्ये, बखरी व ऐतिहासिक पत्रे वाचकांपर्यंत पोहोचविली. तोही प्रसारच होता. परंतु त्याचे अंक ग्रंथालयांत टिकले, म्हणून त्यांतील पाठ नंतरच्या अभ्यासकांना तपासता आले. उलट, ट्विटरने २०२३ मध्ये संशोधकांना मिळणारी विनामूल्य विदा बंद केली, तेव्हा तेथील विद्याचर्चेचा दप्तरखाना खासगी मालकाच्या मर्जीवर उभा असल्याचे उघड झाले.

समाजमाध्यमांचा त्याग हे यावरील उत्तर नव्हे. दुवा तेथे अवश्य असावा. संहिता आणि तिच्यावरील वाद मात्र ग्रंथालयाच्या आधाराने टिकतील अशा ठिकाणी नोंदवले जावेत. ज्या वादाला पुढील पिढीस प्रत्युत्तर देता येत नाही, तो कितीही गाजला तरी समीक्षेच्या परंपरेत जमा होत नाही.