भरपाईची पावती कोणीं द्यावी?

‘भरपाई’ हा शब्द आपल्या भाषेंत सावकाराच्या वहींतून आला आहे. ऋणकोनें रक्कम पुरती भरली आणि धनकोला ती पुरती पावली, म्हणजे धनको भरपाई लिहून देई. तो कागद हातीं आला कीं ऋणको मोकळा. या साध्या व्यवहारांतली एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ज्याचें देणें, त्यानेंच पावती द्यावयाची. शेजाऱ्यानें किंवा पंचांनीं परस्पर लिहून दिलेली भरपाई धनकोच्या संमतीवांचून खरी मानली जात नाहीं.

फौजदारी गुन्ह्यांत मात्र हा नियम फार जुन्या काळापासून उलटा झाला आहे. ज्याचें घर फुटलें, ज्याचा हात तुटला, ज्याच्या घरचा कर्ता पुरुष गेला, त्याचें नांव खटल्याच्या कागदांत बहुधा साक्षीदारांच्या यादींत असतें. शिक्षा ठोठावणारें न्यायालय सरकारचें, दंड जमा होणारी तिजोरी सरकारची आणि शिक्षा कमी करणारें मंडळही सरकारचेंच. कैदी तुरुंगाच्या दारांतून बाहेर पडतो, तेव्हां लोक म्हणतात कीं, यानें आपलें देणें फेडलें. कोणाचें फेडलें, हें क्वचितच विचारलें जातें. हा प्रश्न इतिहासाला विचारून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे. पॅरोलची संस्था इंग्रजांच्या राज्यांत जन्मली आणि अमेरिकेंत वाढली. म्हणून आरंभ तिकडूनच केला पाहिजे, व शेवटीं आपल्या घराकडे वळलें पाहिजे.

केंटचा राजा एथेलबर्ट याचा कायदा इ. स. ६०० च्या सुमाराचा. त्यांतील बरींचशीं कलमें म्हणजे जखमांचें दरपत्रकच होय. अंगठा तोडल्यास २० शिलिंग, अंगठ्याचें नख गेल्यास ३, करंगळी गेल्यास ११. स्वतंत्र माणसाचा जीव घेतल्यास १०० शिलिंग. हे पैसे जखमी माणसास किंवा मृताच्या आप्तांस मिळत. आजच्या वाचकास हा हिशेब रानटी वाटेल. परंतु धनको कोण, याविषयीं त्यांत संशयाला जागा नव्हती. तथापि त्याच कायद्यांत राजाचा हातही दिसूं लागला आहे. स्वतंत्र माणसानें स्वतंत्र माणसाची चोरी केली, तर मालकास तिप्पट भरून द्यावें आणि शिवाय दंड राजानें घ्यावा, असें एक कलम सांगतें.

पुढील शतकांत मालकाचा वांटा आटत गेला आणि राजाचा वाढत गेला. १०६६ नंतर नॉर्मन राजांच्या अमदानींत मोठा अपराध म्हणजे राजाच्या शांततेचा भंग, ही कल्पना दृढ झाली. ११६६ सालच्या क्लॅरेंडनच्या फर्मानानें संशयितांचीं नांवें शपथेवर राजाच्या न्यायाधीशांपुढें मांडण्याचें काम गांवोगांवच्या लोकांकडे आलें, आणि दोषी ठरलेल्याची चीजवस्तु राजाकडे जाऊं लागली. ज्या मालमत्तेंतून जखमी माणसाचें नुकसान भरून निघावयाचें, तीच सरकारजमा झाल्यावर त्याच्या हातीं काय उरणार? ही जप्ती इंग्लंडांत थेट १८७० सालीं रद्द झाली. त्याच कायद्यानें मोठ्या अपराधांत मालमत्तेचें नुकसान सोसलेल्या माणसास १०० पौंडांपर्यंत भरपाई देवविण्याची मुभा न्यायालयास दिली. मध्यंतरीं सातशें वर्षें लोटलीं होतीं.

ही सुधारणा होण्यापूर्वींच शिक्षेचा विचार दुसऱ्या एका टोकाकडून पालटूं लागला होता. कॅप्टन अलेक्झांडर मॅकोनॉकी हा आरमारी अधिकारी १८४० सालीं ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस असलेल्या नॉरफोक बेटावर तेथील हद्दपार कैद्यांचा मुख्य म्हणून गेला. त्याचें म्हणणें असें कीं, शिक्षा वर्षांनीं मोजूं नये, श्रमांनीं मोजावी. कैद्याच्या नांवें ठराविक गुणांचें कर्ज मांडावें. काम आणि वर्तन यांच्या जोरावर त्यानें तें फेडावें आणि फिटतांच सुटावें. चार वर्षांत त्यास परत बोलाविण्यांत आलें, पण कल्पना मेली नाहीं. सर वॉल्टर क्रॉफ्टन यानें १८५४ पासून आयर्लंडांत तिला अटींवर सुटका आणि सुटकेनंतरची देखरेख यांची जोड दिली. १८७६ सालीं न्यूयॉर्क राज्यांत एल्मायरा येथें झेबुलन ब्रॉकवे याच्या हाताखालीं सुधारगृह उघडलें. तेथें कैदी केव्हां सोडावयाचा, हें न्यायाधीशाऐवजीं संस्थेचे व्यवस्थापक ठरवूं लागले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेच्या प्रत्येक राज्यांत पॅरोलची पद्धत रुजली होती.

येथें आम्हांस एक गोष्ट विशेष वाटते. मॅकोनॉकीनें शिक्षेला कर्ज म्हटलें, त्याची वही घातली, हप्ते पाडले. पण धनकोचा रकाना कोराच राहिला. पॅरोल हा मूळ फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ ‘दिलेला शब्द’, वचन. कैदी वचन देतो तें सरकारला. पॅरोल बोर्डासमोर प्रश्न असतो तो एवढाच, कीं हा मनुष्य आतां बाहेर सोडण्याजोगा झाला आहे काय? बोर्डाची दृष्टि भविष्यावर असते. ज्याचें नुकसान होऊन गेलें, तो भूतकाळांत राहतो. यांत बोर्डाचा दोष नाहीं. त्याची घडणच तशी आहे.

पुढें हा कोरा रकाना लोकांच्या डोळ्यांवर आला. १९५७ सालीं इंग्लंडांतील तुरुंगसुधारक मार्जरी फ्राय या विदुषीनें एक हिशेब मांडला. १९५१ सालीं मारहाणींत आंधळा झालेल्या एका माणसास ११,५०० पौंडांची भरपाई मंजूर झाली; दोघां हल्लेखोरांनीं दर आठवड्यास प्रत्येकीं ५ शिलिंग द्यावे, असें ठरलें. या गतीनें शेवटचा हप्ता मिळण्यास त्या आंधळ्यानें आणखी ४४२ वर्षें जगावयास हवें होतें! फ्रायबाईंचा निष्कर्ष असा कीं, अपराध्याची ऐपत अपुरी पडते तेथें राज्यानेंच पुढें आलें पाहिजे. १९६३ सालीं न्यूझीलंडनें तसा कायदा केला. १९६४ सालीं ब्रिटननें आणि १९६५ सालीं कॅलिफोर्नियानें तोच मार्ग धरला.

अमेरिकेंत दुसराही प्रयोग झाला. १९७२ सालीं मिनेसोटा राज्यानें मिनियापोलिस शहरांत एक भरपाई-केंद्र काढलें. मालमत्तेच्या गुन्ह्यांतील निवडक कैद्यांस थोडे महिने तुरुंगांत काढल्यावर पॅरोलवर तेथें आणीत. कैदी आणि नुकसान सोसलेला मनुष्य यांच्यांत रकमेचा करार होई, आणि कैदी नोकरी करून ती रक्कम फेडी. धनकोचें नांव वहींत लिहिलें गेलें, तें असें. केंद्र फार वर्षें टिकलें नाहीं, परंतु त्याची कल्पना अनेकांनीं उचलली.

मात्र येथेंच अधिकाराचा प्रश्न उभा राहतो. न्यायाधीशानें निकालांत भरपाईचा उल्लेखच केला नसेल, तर सुटकेच्या वेळीं बोर्डानें ती अट घालावी काय? आणि घातलीच, तर रक्कम कोणत्या पुराव्यावर ठरवावी? बोर्डासमोर उलटतपासणी नसते, आणि बहुधा वकीलही नसतो. सुटकेसाठीं आतुर झालेला कैदी कोणत्याही आंकड्याला मान डोलावील. अशी संमति म्हणजे दाराच्या फटींतून घेतलेली सही होय. दुसऱ्या बाजूस, १९८२ सालीं राष्ट्राध्यक्षांनीं नेमलेल्या पीडितांविषयींच्या समितीनें पॅरोलच रद्द करावें आणि प्रत्येक खटल्यांत न्यायाधीशानें भरपाई देववावी, न देवविल्यास कारणें लिहावींत, अशी शिफारस केली. १९८४ च्या कायद्यानें संघराज्याच्या गुन्ह्यांपुरतें पॅरोल बंदही केलें. १९८३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें जॉर्जिया राज्यांतून आलेल्या खटल्यांत एक मर्यादा आंखून दिली. त्यांतील मनुष्य ५०० डॉलर दंड व २५० डॉलर भरपाई देण्याच्या अटीवर मोकळा होता. नोकरी सुटल्यानें त्याचे हप्ते थकले, म्हणून त्याला तुरुंगांत धाडण्यांत आलें. न्यायालय म्हणालें कीं, प्रामाणिक प्रयत्न करूनही ज्याला देतां येत नाहीं, त्याला केवळ दारिद्र्यापायीं कैदेंत टाकतां येणार नाहीं. खटला पॅरोलचा नव्हता. पण त्यांतील न्याय पॅरोललाही लागू पडतो, असें आम्हांस वाटतें.

आतां आपल्याकडे पाहूं. चोरीस गेलेलें धन राजानें प्रजेस परत मिळवून द्यावें, आणि तें स्वतः ठेवणारा राजा चोराच्या पापाचा धनी होतो, असें मनुस्मृति बजावते. याज्ञवल्क्याचा कल तोच आहे. आणि माल सांपडला नाहीं तर राजानें पदरचें भरून द्यावें, अशी कौटिल्याची आज्ञा आहे. शास्त्रांत होतें तें व्यवहारांत सर्वत्र होतें, असें आम्ही म्हणत नाहीं; आणि याच ग्रंथांत वर्णावरून शिक्षेचें माप बदलतें, हेंही विसरतां येत नाहीं. पण धनको कोण, हें या ग्रंथकारांस ठाऊक होतें.

पेशवाईनंतर एल्फिन्स्टनसाहेबानें १८१९ सालीं दिलेल्या अहवालांत गांवची रीत नमूद केली आहे. चोरी झाली कीं गांवच्या जागल्यानें माग काढावा. माग दुसऱ्या गांवच्या शिवेंत गेला तर जबाबदारी त्या गांवाची. माल मिळालाच नाहीं, तर जागल्यानें ऐपतीप्रमाणें भरावें आणि उरलेलें गांवावर बसवावें. ही वसुली अन्यायाची असल्याचा आणि ती क्वचितच पुरती होत असल्याचा शेराही साहेबानें मारला आहे, आणि तो रास्त आहे. निरपराध गांवकऱ्यानें चोराचें देणें कां फेडावें? तरीही नुकसान सोसणाऱ्याची दाद लागावी, ही काळजी त्या रीतींत दिसते.

इंग्रजी कायद्यानें ही काळजी एका कलमांत आवळली. १८९८ च्या फौजदारी संहितेचें ५४५ वें कलम वसूल झालेल्या दंडांतून भरपाई देण्यापुरतेंच होतें. दंडच नसेल तर भरपाईही नाहीं. १९७३ च्या संहितेच्या ३५७ व्या कलमानें दंडावांचूनही भरपाई देवविण्याचा अधिकार दिला. १९९८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कैद्यांस रास्त मजुरी द्यावी आणि तिचा कांहीं भाग पीडितांसाठीं काढून ठेवण्याचा कायदा राज्यांनीं करावा, असें सांगितलें. २००९ च्या अखेरीस सरकारी भरपाई-योजनेचें कलम अंमलांत आलें. तरीही न्यायालयें हा अधिकार वापरीतनात. म्हणून २०१३ सालीं महाराष्ट्रांतून गेलेल्या एका अपिलांत सर्वोच्च न्यायालयास सांगावें लागलें कीं, भरपाईचा विचार प्रत्येक खटल्यांत झालाच पाहिजे, आणि त्याचीं कारणें लिहिलीं पाहिजेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेंत हीं कलमें ३९५ व ३९६ या आंकड्यांखालीं आलीं आहेत.

आपल्याकडे अमेरिकन धर्तीचें पॅरोल बोर्ड नाहीं. महाराष्ट्रांत मिळणारें पॅरोल म्हणजे ठराविक दिवसांची रजा. मुदतीपूर्वींची कायमची सुटका सरकार शिक्षामाफीच्या अधिकारानें करतें. तथापि प्रश्न तोच आहे. २००८ सालीं मुंबईच्या न्यायालयानें जन्मठेप दिलेल्या अकरा कैद्यांस गुजरात सरकारनें १५ ऑगस्ट २०२२ रोजीं मोकळें केलें. ८ जानेवारी २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती माफी रद्द केली. खटला ज्या राज्यांत चालून शिक्षा झाली, त्या महाराष्ट्राच्या सरकारचाच तो अधिकार, असा निर्णय दिला. दाद मागणाऱ्यांत खुद्द त्या अत्याचारांतून वांचलेली स्त्री होती. माफीची पावती तिला न विचारतां फाडली गेली होती.

या सर्वांवरून आमचें मत असें बनलें आहे. भरपाईचा आंकडा उघड्या न्यायालयांत, पुरावा ऐकून, शिक्षेबरोबरच ठरावा. सोडणाऱ्या मंडळानें तो वाढवूं नये आणि पुसूंही नये. वसुलीवर देखरेख ठेवणें आणि हप्ता ऐपतीप्रमाणें बसविणें हें मंडळाचें काम. जो देऊं शकत असून देत नाहीं, त्याच्या सुटकेचा विचार कठोरपणें व्हावा. ज्याच्यापाशीं कांहींच नाहीं, त्याला त्याच्या दारिद्र्यासाठीं डांबूं नये. तेथें कौटिल्याची आज्ञा पाळून राज्यानें पदरचें घालावें. आणि सुटकेचा निर्णय होण्यापूर्वीं ज्याचें नुकसान झालें त्याचें म्हणणें ऐकलें जावें. त्याच्या हातीं तुरुंगाची किल्ली द्यावी, असें आम्ही म्हणत नाहीं. सूडाच्या हातीं किल्ली दिल्यास तुरुंग कधीं उघडणारच नाहीं. पण वहींत त्याचें नांव असावें, आणि जें त्याला पावलें नाहीं त्याची भरपाई दुसऱ्या कोणीं त्याच्या नांवानें लिहून देऊं नये.