चहापत्तीचा काळा रंग

अठराव्या शतकातील युरोपात पोचणारा चहा वाळलेला असे आणि त्याचे झुडूप पाहिलेले लोक फारच थोडे होते. त्यामुळे लिनिअससारख्या वनस्पतिशास्त्रज्ञानेही १७६२ मध्ये काळ्या चहाला ‘थिआ बोहिया’ आणि हिरव्या चहाला ‘थिआ विरिडिस’ अशा दोन निरनिराळ्या जाती मानले. यांपैकी ‘बोहिया’ हे फूज्यान प्रांतातील वूयी डोंगररांगेच्या नावाचेच रूप होय. एकाच झुडपाच्या पानांपासून दोन्ही चहा होतात, ही गोष्ट रॉबर्ट फॉर्च्यूनने १८४० च्या दशकात चीनमधील मळ्यांत फिरून युरोपीय वाचकांपुढे ठामपणे मांडली.

फरक पडतो तो खुडणीनंतर. कोवळी पाने आधी कोमेजू दिली जातात, म्हणजे त्यांतील पाणी उतरून ती न तुटता वळण्याजोगी लवचिक होतात. मग ती वळताना पेशी फुटतात, रस पृष्ठभागावर येतो आणि त्यातील पॉलिफेनॉल द्रव्यांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पिवळसर-नारिंगी थिआफ्लेविने व तांबूस-तपकिरी थिआरुबिजिने तयार होतात. या टप्प्याला कारखान्यांत आजही ‘आंबवणे’ म्हणतात, यात जिवाणूंचे वा किण्वाचे काम नसले तरी. विशेष म्हणजे, या वेळी पान काळे नसते, तांब्याच्या रंगाचे असते. काळेपणा येतो तो भट्टीत, कारण उष्णतेने उरलेल्या हरितद्रव्याचे काळपट फिओफायटिन बनते आणि रस पानावरच आटतो. कळीवरच्या पांढऱ्या लवेवर तोच रस वाळला की सोनेरी टोके दिसतात.

आसामात सदिया येथे चिनी कारागीर हे सारे कसे करीत, याचे वर्णन चार्ल्स अलेक्झांडर ब्रूस याने १८३८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात पाने उन्हात पसरणे, हातांनी उधळणे, लोखंडी कढईत तापवणे, टेबलावर वळणे आणि कोळशाच्या धगीवर टोपल्यांत वाळवणे, असा सगळा हातांचा खेळ आहे. पुढे वळण्याची यंत्रे आली, तरी पानाचा पीळ टिकला; तो मोडला १९३० च्या सुमारास, आमगुरी मळ्यावर विल्यम मॅककर्चर याने घडवलेल्या सीटीसी यंत्राने. वेगवेगळ्या गतीने उलट दिशांना फिरणाऱ्या दातेरी रुळांमध्ये पान चिरडले, फाडले आणि गुंडाळले जाते व त्याचे दाणे होतात. महाराष्ट्रात दूध घालून उकळतात तो चहा बहुतांशी हाच, कारण या दाण्यांचा रंग झटकन उतरतो.

पारखी मात्र आजही कोरड्या मालाचा रंग आधी पाहतात: चाळणी वाजवीपेक्षा जास्त झाली की आटलेल्या रसाचा थर घासून जातो, माल करडा दिसू लागतो आणि लिलावात त्याचा भाव उतरतो.