प्राणवायू घरी येतो तेव्हा

2021च्या एप्रिल-मेमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडकडच्या घरांतही एक नवा शब्द शिरला: कॉन्सन्ट्रेटर. ऑक्सिजनचा सिलिंडर संपला की भरून आणावा लागतो. हे यंत्र मात्र खोलीतलीच हवा ओढतं, झिओलाइटच्या बारीक खड्यांत नायट्रोजन अडवतं आणि 90 टक्क्यांहून अधिक शुद्ध ऑक्सिजन नळीतून सोडतं.

पण किंमत?

मागणीबरोबर तीही भडकली. वैयक्तिक वापरासाठी आयात केलेल्या यंत्रांवरचा कर 1 मे रोजी 28 वरून 12 टक्क्यांवर आला, जूनमध्ये 5 वर. 3 जूनला केंद्राने व्यापारी नफ्यावर 70 टक्क्यांची मर्यादा घातली.

घेणाऱ्याचे प्रश्न याहून जवळचे होते. मिनिटाला 5 लिटर सोडताना शुद्धता टिकते का? दुरुस्ती कोण करणार? पलंगाशेजारी यंत्र घरघरत राही. वीज गेलीच तर म्हणून कोपऱ्यात भरलेला सिलिंडर लागेच.