ठिणगीची वेळ

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. अशा भट्टीत एकदा चेतविलेला अग्नी वर्षानुवर्षे विझू द्यावयाचा नसतो. मोटारीच्या इंजिनातील अग्नीचा प्रकार नेमका उलट आहे. तो क्षणोक्षणी विझतो आणि क्षणोक्षणी नव्याने पेटवावा लागतो. म्हणूनच तेथे तो केव्हा पेटवावयाचा हा प्रश्न उत्पन्न होतो. या प्रश्नाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

उदाहरणादाखल एका मराठी राजघराण्यातील मोटार घेऊ. इंदूरचे अखेरचे सत्ताधीश महाराज यशवंतराव होळकर यांना वेगवान मोटारींचा विलक्षण शौक होता. १९३६ च्या सुमारास त्यांच्यासाठी ड्यूसेनबर्ग या अमेरिकन कंपनीच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांनी दोन आसनांची एक देखणी मोटार बांधली. एका ओळीत आठ सिलिंडर, प्रत्येकाला चार झडपा, आणि हवा दाबून भरणाऱ्या यंत्रासह ३२० अश्वशक्ती असा या जातीच्या इंजिनाबद्दल कंपनीचा दावा होता. असे इंजिन मिनिटाला ४,००० फेरे फिरू लागले की त्यात दर सेकंदाला सुमारे २६७ ठिणग्या पडाव्या लागतात, आणि त्यांतील प्रत्येक आपल्या वेळीच पडावी लागते.

ही वेळ कोणती? दट्ट्या वर टोकाला पोहोचला की ठिणगी पाडावी, असे सहज वाटते. परंतु ज्वाळा पसरण्यास अवधी लागतो. म्हणून दट्ट्या टोकाला पोहोचण्यापूर्वीच, काही अंश आधी, ठिणगी पडली पाहिजे. ती फार लवकर पडली तर वर येणाऱ्या दट्ट्यावर उलटा दाब येतो, उरलेले मिश्रण एकाएकी भडकते आणि इंजिनातून ठोके ऐकू येतात. फार उशिरा पडली तर शक्ती वाया जाते आणि धुराड्याची नळी लालबुंद होते. फेरे वाढतील तसतशी ठिणगी अधिकाधिक आधी आणावी लागते.

आरंभीच्या इंजिनांत ही सोय नव्हती. डाइमलर यांच्या इंजिनात मिश्रण तापलेल्या नळीने पेटे, आणि ते केव्हा पेटेल यावर माणसाचा ताबा जवळजवळ नसे. बेन्झ यांनी १८८६ च्या आपल्या गाडीत विजेची ठिणगी वापरली. १९०२ मध्ये बॉश यांच्या कारखान्यात होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. त्या काळी चालकाच्या हाताशी एक दांडा असे. इंजिन सुरू करताना तो मागे ठेवावा लागे. विसर पडला तर हँडल उलट फिरून मनगट मोडे. पुढे वजने आणि पोकळीचा दाब यांच्या साहाय्याने डिस्ट्रिब्युटर हे काम आपोआप करू लागला. मात्र मूळ वेळ बसविणे मिस्त्रीच्याच हाती राहिले.

ती रीत साधी आहे. पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या दाबाच्या वेळी वर आणावयाचा, चाकावरील खूण जुळवावयाची, आणि पॉइंट उघडताच छोटा दिवा लागेल अशा बेताने डिस्ट्रिब्युटर फिरवून घट्ट करावयाचा. मग गाडी चढावर न्यावयाची, पेडल दाबावयाचे आणि कान द्यावयाचा. किंचित ठोका उमटून लगेच विरला की वेळ बरोबर.

तथापि पुस्तकातील अंश हा अंतिम शब्द नव्हे. तो त्या काळच्या पेट्रोलशी केलेला करार होता. १९२१ मध्ये मिजली यांना शिशाच्या संयुगाने ठोके थांबतात असे आढळले, आणि पेट्रोल अधिक दाब सोसू लागले. परंतु त्यासोबत विषही हवेत गेले. भारताने २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद केले. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉल ठोक्याला चांगला विरोध करते, पण हवेशी त्याचे प्रमाण वेगळे लागते. जुन्या रबरी नळ्यांनाही ते मानवत नाही. म्हणजे करारातील एक पक्ष बदलला, आणि यंत्र मात्र जुनेच राहिले.

नव्या मोटारीत हा हिशेब संगणक करतो. ठोका ऐकण्यासाठी त्यात यांत्रिक कानही बसविलेला असतो. हे हितकारकच आहे. परंतु जुन्या गाड्या जतन करणारांनी रंग आणि चामडे जपले, आणि चढावर ठोका ओळखणारा कान मात्र जपला नाही, तर त्या गाड्या केवळ पाहण्यापुरत्या उरतील. सुटे भाग पैसे देऊन घडविता येतात. हा कान जुन्या मिस्त्रीच्या शेजारी बसून, त्याच चढावर, पुन्हा पुन्हा ऐकूनच तयार होतो. आणि असे मिस्त्री आज वयाने थकत चालले आहेत. त्यांच्याजवळ शिकण्यास अद्याप अवधी आहे, पण तो फार नाही.