अमरेलीचा पट

मुलें शाळेंत आणणें हें एक काम आणि आलेल्या मुलांस विद्या येणें हें दुसरें. या दोहोंतील भेद राज्यकर्त्यांच्या ध्यानांत पुष्कळदा राहत नाहीं. १८६२ सालीं इंग्लंडांत रॉबर्ट लो यांनीं शाळेचें अनुदान मुलांच्या हजेरीवर व वाचन, लेखन, गणित यांतील परीक्षेच्या निकालावर बांधलें. फळ असें झालें कीं, शिक्षक तपासनिसाच्या भेटीपुरती घोकंपट्टी करून घेऊं लागले. स्वतः शाळातपासनीस असलेले कवि मॅथ्यू आर्नल्ड यांनीं या पद्धतीवर कडक टीका केली. तरी शतक सरत येईपर्यंत ती टिकलीच.

आपल्याकडे अडचण याच्याही अलीकडची होती. बहुतेक मुलें शाळेच्या दारापर्यंतच पोंचत नव्हतीं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, अशी मागणी केली. ती ब्रिटिश मुलखांत फळास आली नाहीं. पण काठेवाडांत बडोदें संस्थानच्या अमरेलीसारख्या लहान शहरांत व आसपासच्या कांहीं गांवांत १८९३ सालीं सक्तीचा प्रयोग सुरू झाला. तो करणारे सयाजीराव महाराज नाशिक जिल्ह्यांतील कवळाण्याच्या शेतकरी घरांतून बाराव्या वर्षीं दत्तक गेलेले. तोंवर त्यांस अक्षरओळखही नव्हती. निरक्षरता म्हणजे काय, हें त्यांस अहवालांतून कळावयाचें नव्हतें.

अमरेलीचा अनुभव घेऊन १९०६ सालीं सर्व संस्थानांत शिक्षण मोफत व सक्तीचें झालें. नामदार गोखल्यांनीं १९११ सालीं विधेयक मांडलें, तेव्हां बडोद्याचा दाखला त्यांच्या हातीं होता. तथापि १९१२ सालीं तें ३८ विरुद्ध १३ मतांनीं पडलें.

आम्हांस या इतिहासांत एक गोष्ट विशेष वाटते. अमरेलींत मूल गैरहजर राहिलें, तर तें शाळेंत कसें येईल हें पाहणें संस्थाननें आपलें काम मानिलें. २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क कायद्यानें मिळाला आहे; पण पट घटला कीं लहान गांवची शाळा बंद करण्याचा विचार सुरू होतो. ऐपत असलेले पालक मुलांस खाजगी शाळेंत नेतात; मागें राहतात तीं ज्यांस दुसरी शाळा नाहीं अशीं मुलें. पट ही शाळेची किंमत नव्हे. कोणतीं मुलें अजून आपल्यावर अवलंबून आहेत, याची ती यादी आहे. ती आंखूड झाली म्हणून फाडून टाकणें न्यायाचें नव्हे.