संदर्भनोंद, शालेय
माहिती कुठून घेतली, हे वाचकाला पडताळता येईल अशा रीतीने नोंदवण्याची पद्धत. नोंदीत लेखक, ग्रंथ, प्रकाशक, वर्ष व पृष्ठ येते. पृष्ठ मुलांकडून हमखास सुटते आणि पडताळणी नेमकी तिथेच अडते.

वैरागच्या (ता. बार्शी, जि. सोलापूर) विद्यार्थ्याने १९७२ च्या दुष्काळावर प्रकल्प घेतला, तर पहिले साधन घरातच सापडते. आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले असतील, तर त्यांचे नाव, गाव, वय व मुलाखतीची तारीख वहीत हवी. त्यांचे शब्द अवतरणचिन्हांत द्यावेत. स्वतःचा तर्क त्यात मिसळू नये. ‘गावकरी सांगतात’ एवढ्याने भागत नाही. जुन्या काळासाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूरवरील २० वा खंड (१८८४) उपयोगी पडतो. मात्र तो इंग्रज सरकारच्या नजरेतून लिहिलेला आहे. आंतरजालावरील मजकूर बदलतो, म्हणून पत्त्यासोबत पाहिल्याची तारीखही लिहावी.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. निष्कर्षाआधी मूळ कागद छापण्याची त्यांची शिस्त मराठीत या विषयाचा उत्तम धडा ठरते. याउलट, संदर्भ न देता वाक्ये उचलून शब्द तेवढे फिरवले, तरी ती उचलेगिरीच.